दाराबाहेरची भाषा

आईला झटका आला तेव्हा ती कामावर होती. कानावर हेडफोन होता आणि कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेल्या एका माणसाला ती धीर देत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला नंतर सांगितलं, की तिचा उजवा हात टेबलावरून घसरून लोंबायला लागला, तरी तिने पुढची वाक्यं न चुकता म्हटली. मग ती खुर्चीतच कलंडली. तो माणूस सुखरूप बाहेर आला. आई अजून आलेली नाही.

लिफ्टच्या आत घंटेचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की कुणाचातरी आवाज येतो. या शहराच्या निम्म्या लिफ्टमधला तो आवाज वर्षानुवर्षं आईचा होता. म्हणायची वाक्यं कंपनीने ठरवून दिलेली होती. घाबरू नका, मी तुमच्याशी बोलते आहे, लिफ्ट खाली पडणार नाही, दार ओढू नका, मदत निघाली आहे. दोन गोष्टी मात्र कधीही करायच्या नाहीत. सुटका कधी होईल ते सांगायचं नाही, कारण सांगितलेली वेळ टळली की माणूस जास्त घाबरतो. आणि फोन आपण ठेवायचा नाही. ठेवायचा तो अडकलेल्याने, बाहेर पडल्यावर. हे सगळं ती आम्हाला जेवताना सांगायची.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आई धापा टाकत वर आली की बाबा दार उघडून म्हणायचे, "या, लिफ्टवाल्या बाई! अडकला होतात का कुठे?"

"तुमच्या संसारात अडकले," आई म्हणायची. "बटण दाबून दाबून बोट झिजलं. अहो, कुणी उचलतच नाही."

हे बोलणं घरच्या भाषेत व्हायचं. आमच्या घराच्या दोन भाषा होत्या, एक दाराच्या आतली आणि एक बाहेरची. हा देश आमचा नव्हे. आम्ही इथे आलो तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते, आणि बघता बघता घरातही बाहेरच्या भाषेत उत्तरं द्यायला लागले. बाबांना ते झोंबलं. त्यांनी नियम केला: चपला आणि ती भाषा, दोन्ही बाहेर काढून आत यायचं. नियम बाबांचा, पण तो पाळायला लावला आईने. चुकून एक शब्द जरी बाहेरचा निघाला, तरी ती मला दंडाला धरून दाराबाहेर उभी करायची आणि मी घरच्या भाषेत "आई, दार उघड" म्हटल्यावरच आत घ्यायची. हसत हसतच, पण त्यात सूट नव्हती.

बाबांना बाहेरच्या भाषेची फारशी गरज पडली नाही. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान आपल्याच एका माणसाचं, आणि बाबांची जागा मागच्या खोलीत. गिऱ्हाईक पुढे बोलतं, मशीन मागे येतं. "मशीन कुठल्याही देशात एकाच भाषेत रडतं," असं ते म्हणतात.

आईला लिफ्टच्या कंपनीत काम मिळालं, तेव्हा तिला ती वाक्यं पाठ करायची होती. घरात म्हणता येत नव्हती. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचो. मी अडकलेली बाई व्हायचे. "हॅलो, मी लिफ्टमध्ये अडकले आहे. कुणी आहे का?" आणि आई उत्तर द्यायची. तिचा उच्चार चुकला की मी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारायचे. आमचं दार पातळ आहे. बाबा आत बसून रेडिओचं बटण फिरवत असायचे.

मोठी झाल्यावर मी रसायनशास्त्र शिकले. आता पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या बाटल्यांमध्ये काय विरघळलं आहे ते शोधायचं, आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. माझा स्वभाव आधीपासूनच तसा होता, कामाने तो पक्का झाला.

इस्पितळात आईने डोळे उघडले त्यानंतर बरेच दिवस ती नुसती बघत होती. मग एक तरुण स्पीच थेरपिस्ट चित्रांचा गठ्ठा घेऊन आली. किल्ली, घर, मासा, पाऊस. तिने मला सांगितलं, तुमच्या भाषेत विचारा. मी किल्लीचं चित्र धरून घरच्या भाषेत विचारलं, "आई, हे काय?"

आईचे ओठ हलले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मानेची शीर ताठ झाली. हुंकारासारखा एक आवाज आला आणि तुटला. असं तीन-चार चित्रांना झालं. थेरपिस्टने गठ्ठा स्वतःकडे घेतला आणि बाहेरच्या भाषेत तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, "किल्ली." बाहेरच्या भाषेतला शब्द, स्वच्छ, जरा फोनवरच्या सुरात. मग घर, मासा. पावसाला ती अडखळली. थेरपिस्टने शाबासकी दिली, तेव्हा आई तिला म्हणाली, "घाबरू नका. मी तुमच्याशी बोलते आहे."

थेरपिस्ट हसली. मी पण हसले. बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

डॉक्टरीणबाईंनी मला मेंदूचं चित्र पडद्यावर दाखवलं. रक्तस्राव डाव्या बाजूला खोलवर झाला होता. मी शास्त्र शिकलेली आहे म्हटल्यावर त्या मोकळेपणाने बोलल्या. पहिली भाषा आपण शिकत नाही, त्या म्हणाल्या, ती चालण्यासारखी अंगात येते, आणि ज्या यंत्रणेतून चालणं आपोआप होतं तिच्या शेजारीच तिची बरीचशी मुळं असतात. मोठेपणी शिकलेली भाषा घोकून, लक्ष देऊन आलेली असते. ती बरीचशी दुसऱ्या वाटेने जाते. खोलवरची वाट बुजली, तर क्वचित असं होतं की अंगातली जाते आणि घोकलेली राहते. "पण हा एक तर्क आहे," त्या म्हणाल्या. "खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. समजतं तिला सगळं, दोन्ही भाषांमधलं. फक्त घरची बाहेर येत नाही."

"येईल?"

"जी उभी आहे तिला आधी बळ देऊ. कधीकधी दुसरी तिच्या हाताला धरून येते. कधीकधी नाही येत. पण जे काही व्हायचं ते पहिल्या काही महिन्यांतच जास्त होतं, म्हणून ही जागा सोडू नका." जागा म्हणजे शहराबाहेरच्या पुनर्वसन केंद्रातली खाट. तिथे रोज व्यायाम आणि रोज बोलण्याचे धडे होते, बाहेरच्या भाषेत. अशा जागा फार थोड्या असतात.

मी बाबांना हे सगळं बसमध्ये सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. घराशी आल्यावर, जिना चढता चढता, ते दुसऱ्या मजल्यावर थांबले.

"तुला एक कळत नाहीये," ते म्हणाले. "ती बाहेर आहे ना."

"म्हणजे?"

"अगं, इस्पितळ म्हणजे बाहेरच की. ती बाहेर कधी आपलं बोलली आहे का? बस स्टॉपवर मी काही विचारलं तर नुसती डोळ्यांनी उत्तर द्यायची. सवय आहे तिला. घरात आणू. दारातून आत आली की बोलेल."

"बाबा, हा नियम नाहीये. रक्तस्राव आहे. मी चित्र पाहिलंय."

"चित्र पाहिलंस," बाबा म्हणाले. "मी बाई पाहिली आहे. तू जन्मायच्या आधीपासून."

"तिथली जागा एकदा गेली की गेली."

"आणि तिथे जाऊन काय होणार? ती आणखी फडाफडा त्यांच्या भाषेत बोलणार. परक्यांशी बोलेल, नर्सशी बोलेल, तुझ्याशी बोलेल. माझ्याशी कोण बोलणार?" मग जरा वेळाने, कठड्यावरची धूळ बोटाने पुसत, "दिवसातून शंभर वेळा 'अहो' करून डोकं उठवायची. मी म्हणायचो, एक दिवस तरी गप्प बस. ऐकलं बघ कुणीतरी."

माझं म्हणणं मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, डॉक्टरीणबाईंसमोर, शांतपणे. त्यांनीही सांगितलं. पण सही नवऱ्याची चालते. बाबांनी सही केली. आईला कुणीतरी विचारलं तेव्हा तिने बाबांकडे बघून मान हलवली. ते हो होतं की नुसतं हलणं, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही.

अॅम्ब्युलन्सच्या दोघा माणसांनी तिला खुर्चीला बांधून तीन मजले वर आणलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा आई पुढच्या माणसाला बाहेरच्या भाषेत म्हणाली, "सावकाश. मदत निघाली आहे." तो धापा टाकत म्हणाला, "बाई, मदत आम्हीच आहोत." मागचा इतका हसला की खुर्ची पायरीवर टेकवावी लागली. आईसुद्धा तोंडाच्या एका बाजूने हसली. तिच्या आवाजातलं हे मी शेवटचं सुखाचं ऐकलं.

बाबांनी दार सताड उघडलं होतं. त्यांनी दाढी केली होती. खुर्ची उंबऱ्यावरून आत आली, माणसं गेली, दार लागलं. बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि घरच्या भाषेत म्हणाले, "झालं. आलीस घरी. आता बोल."

आईने तोंड उघडलं. इस्पितळात झालं तसंच झालं, ती ताठ झालेली शीर, तो तुटलेला हुंकार. बाबा थांबून राहिले. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती, हे मला दिसत होतं. तिचं कपाळ घामाने भिजलं. शेवटी बाबाच म्हणाले, "राहू दे. दमलीस. उद्या."

दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी कुणीच धरून चाललं नव्हतं. आईची बाहेरची भाषाही थांबली. मी दार लावून तिच्याशी मुद्दाम बाहेरच्या भाषेत बोलले, नियम मोडून. तिने डावा हात उचलून माझ्या ओठांवर ठेवला. मी चित्रं आणली. ती चित्र बघायची, मग दाराकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. पंधरवड्यात ती नुसत्या खाणाखुणांवर आली, मग खाणाखुणाही कमी झाल्या.

मला उलगडा झाला तो तपासणीला नेताना. बाबांनी आणि मी तिला धरून दाराबाहेर काढलं, खुर्चीत बसवलं, आणि मी किल्ली शोधत होते. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई कुत्र्याला घेऊन जिन्यात उभ्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "काळजी घ्या. मजला नीट बघून बाहेर पडा." त्या म्हणाल्या, "अरे वा, बोलता की तुम्ही! आवाज छान आहे."

परत आल्यावर मी ते तपासून पाहिलं. दुसरं काय करणार होते? खुर्ची आत, दार बंद, काहीच नाही. खुर्ची बाहेर जिन्याच्या तोंडाशी. चित्रांची नावं आली, सगळी नाही, पण बरीच. पुन्हा आत; काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही सतत जाग्या असतात, त्या म्हणाल्या. एक बोलायची तर दुसरी दाबून धरावी लागते. कोणती दाबायची हे माणूस समोरच्या चेहऱ्यावरून, जागेवरून ठरवतो, नकळत. तुमच्या आईने कित्येक वर्षं एका जागेत एक भाषा दाबली. तो ब्रेक शाबूत राहिला असेल. घरची भाषा हरवली आहे आणि घर बाहेरचीला येऊ देत नाही. "असावं," त्या म्हणाल्या. "असं मी आजवर पाहिलेलं नाही."

"केंद्रातली जागा?"

ती कधीच दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. आता यादीत नाव घालता येईल, पण त्यांनीच मला आठवण करून दिली की महिने जात आहेत.

बाबांना हे सांगताना मी कोणताही शब्द जास्तीचा वापरला नाही. ते टेबलावर एक मशीन उघडून बसले होते; काम घरीच आणायला लागले होते, आईला एकटी ठेवता येत नव्हतं म्हणून. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे मी तिला घरात आणलं आणि घराने तिचं तोंड बंद केलं."

"घराने नाही. सवयीने."

"सवय कुणी लावली?" ते म्हणाले. त्यांना उत्तर नकोच होतं.

त्यानंतर आईची खुर्ची रोज संध्याकाळी जिन्यात जाऊ लागली. मी प्रयोगशाळेतून आले की पायरीवर बसायचे, पूर्वीसारखी, आणि आम्ही दोघी बाहेरच्या भाषेत बोलायचो. बोलणं थोडंच असे. तिच्याकडे आईपणाचे शब्द त्या भाषेत नव्हतेच. ती भाषा तिने अनोळखी, घाबरलेल्या माणसांसाठी शिकली होती. "तुम्ही ठीक आहात का?" ती मला विचारायची. "श्वास घ्या. तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का?" मी आत बोट दाखवून म्हणायचे, "आहे." बाबा दार किलकिलं ठेवून आत उभे असायचे. एकदा ते बाहेर येऊन शेजारी बसले, तर आई बोलता बोलता गप्प झाली. बाबांचा चेहरा म्हणजेसुद्धा आता घरच झाला होता. ते उठले आणि चहा ठेवायला गेले. नंतर ते बाहेर आले नाहीत.

थंडी वाढली तशी जिन्यात बसणं अवघड झालं. आईला खोकला झाला. खुर्ची आत राहिली. एक संपूर्ण आठवडा घरात मशीनच्या चाकाखेरीज कशाचा आवाज नव्हता.

त्या आठवड्याच्या शेवटी मी काम आटोपून जिना चढत होते. दाराशी आले आणि थबकले. आतून बाबांचा आवाज येत होता, पण तो घरच्या भाषेत नव्हता. मी किल्ली तशीच हातात धरून उभी राहिले.

"हॅलो," बाबा म्हणत होते. "मी लिफ्टमध्ये अडकले आहे. कुणी आहे का?"

बाईच्या तोंडचं वाक्य, जसंच्या तसं, लहान मुलीच्या सुरासकट. उच्चार भयंकर होते. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा, "हॅलो. मी लिफ्टमध्ये अडकले आहे. कुणी आहे का?" पुन्हा शांतता. किती वेळापासून चाललं होतं कुणास ठाऊक. त्यांचा घसा बसला होता.

मी हळूच दार उघडलं. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. बाबा तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते, तिला आपला चेहरा दिसू नये म्हणून. भिंतीवर दिव्याच्या बटणावर त्यांचं बोट होतं. मला पाहून त्यांनी दुसऱ्या हाताने गप्प राहण्याची खूण केली.

"बाबा, हे कुठे शिकलात?" मी कुजबुजले.

"तूच म्हणायचीस ना जिन्यात. दार पातळ आहे. अर्थ काय आहे त्याचा?"

मी सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू तो त्यांच्या ओळखीचाच होता, आणि भिंतीकडे वळून चौथ्यांदा की चाळिसाव्यांदा तेच म्हटलं. "कुणी आहे का?" हे शब्द फाटून आले.

खुर्ची करकरली. आई ताठ बसली होती. तिचा डावा हात कानाशी गेला, जिथे हेडफोन असायचा. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग या घरात, दाराच्या आत, पहिल्यांदाच ती बाहेरच्या भाषेत बोलली.

"घाबरू नका. मी तुमच्याशी बोलते आहे."

बाबांच्या खांद्यांवरून काहीतरी सरसरत गेलं, पण ते वळले नाहीत. "काय म्हणते?" त्यांनी मला घरच्या भाषेत विचारलं. मी सांगितलं.

"तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का?" आईने विचारलं. मी तेही सांगितलं.

"मुलगी आहे," बाबा भिंतीला म्हणाले, घरच्या भाषेत. "समजतं ना तिला? मुलगी आहे माझी इथे."

"छान. दोघंही दारापासून लांब उभे राहा. मदत निघाली आहे."

मी सांगत गेले. बाबा ऐकत होते, माझं कमी आणि तिचा सूर जास्त. तो सूर स्थिर होता, नम्र होता, आणि त्यात त्यांच्यासाठी वेगळं असं काही नव्हतं. रात्रंदिवस कुणाही अडकलेल्या माणसाला मिळायचा तोच. त्यांना हे कळलं असावं. त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं.

"कधी येईल मदत?" ते म्हणाले. "विचार तिला. नाही, मीच विचारतो. अगं, कधी?"

आईने डोळे मिटले. आठवत होती, की चाचपडत होती, मला कळलं नाही. पण उत्तर आलं तेव्हा एकही शब्द अडखळला नाही.

"वेळ सांगता येत नाही. मी लाइनवर आहे."

मी ते बाबांना सांगितलं. बाहेर अंधारून येत होतं आणि दिवा कुणीच लावला नव्हता. फोन अडकलेल्या माणसाने ठेवायचा असतो, हे बाबांना जेवणाच्या टेबलावरून माहीत होतं. त्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही.